डिफ लॉकर घेताना: स्वस्त कुठे चालतो, महाग कुठे लागतो

गाडी फोर बाय फोर, लीव्हर लो रेंजमध्ये, तरी मुळशीकडच्या एखाद्या बांधावर गाडी अडकते. मागचं डावं चाक हवेत, पुढचं उजवं हवेत, आणि नेमकी तीच दोन भराभरा फिरतायत. जमिनीवरची दोन ढिम्म. असा अनुभव आला की त्याच रात्री माणूस लॉकरच्या, म्हणजे एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणाऱ्या भागाच्या, किमती शोधायला बसतो आणि चक्रावतो, कारण एकाच कामाचा म्हणून सांगितलेला माल एका ठिकाणी चौपट महाग असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वस्त लॉकर वाईट नसतो. महाग लॉकरची स्वस्तातली नक्कल वाईट असते. साध्या रचनेचा, कमी भागांचा स्वस्त लॉकर योग्य गाडीत वर्षानुवर्षं चालतो. उलट हवेवर चालणारा, सील आणि सोलेनॉइडचा (विजेवर उघडणाऱ्या झडपेचा) लॉकर निम्म्या किमतीत मिळत असेल, तर उरलेले पैसे पुढे ग्रीस लागलेल्या हातांनी मोजावे लागतात.

डिफरन्शियल अडतो कुठे

वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. यू-टर्नमध्ये किती जास्त? डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर गुणिले ३.१४. थारमध्ये हे अंतर दीड मीटरच्या आसपास, म्हणजे पावणेपाच मीटर जादा. वळण मोठं असो की छोटं, आकडा तोच. हा फरक जिरवण्यासाठी डिफरन्शियल असतो.

पण साधा, ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना टॉर्क सारखाच देतो आणि तिथेच मेख आहे. हवेतलं चाक फिरवायला समजा ४० न्यूटन-मीटर पुरले, तर जमिनीवरच्या चाकालाही तेवढेच ४० मिळणार. बॉनेटखाली ३०० न्यूटन-मीटरचं इंजिन असून उपयोग शून्य. लॉकर दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांकडे जाणारे दांडे) एकमेकांना बांधतो, त्यामुळे पकड असलेल्या चाकाला हवा तेवढा टॉर्क घेता येतो.

याची दुसरी बाजू विकणारा सहसा सांगत नाही. लॉक लागलेला असताना एका चाकाची पकड गेली की अख्ख्या एक्सलचा टॉर्क उरलेल्या एका हाफ शाफ्टवर येतो. जिप्सीचा पुढचा बर्फील्ड जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा) बहुधा याच क्षणी जातो, आणि तेव्हा स्टिअरिंग शेवटपर्यंत कापलेलं असतं. लॉकरच्या बजेटमध्ये पुढेमागे एक्सलचाही खर्च धरा.

पायरी १: गाडीत आधीच काय आहे ते बघा

फोर्सच्या गुरखाला पुढचा आणि मागचा दोन्ही लॉक कंपनीतूनच येतात. आकुर्डीच्या आपल्या या शेजाऱ्यांची गाडी असेल तर बाकीचा लेख सोडा आणि पैसे टायरवर घाला. थार रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये आणि टोयोटा हायलक्समध्ये मागे बटणाने लागणारा इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. जिम्नीत लॉक नाही. तिथे नुसतं फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून टॉर्क पलीकडे ढकलला जातो.

तीन दारी थारच्या बाबतीत घोळ असतो, कारण व्हेरियंट आणि वर्षानुसार मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे किंवा नाही. २०१५ च्या फेसलिफ्टनंतरच्या जुन्या थारमध्येही मागे ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकर मिळत होता. ब्रोशरवर विसंबू नका, तुमच्या चासी नंबरावरून सर्व्हिस सेंटरमध्ये खात्री करा.

लॉकर गाडीत असूनही 'माझा लागतच नाही' ही तक्रार बरेचदा पायाची असते. ईटनचा हा लॉकर दोन चाकांच्या वेगात मिनिटाला १०० फेऱ्यांच्या आसपास फरक पडला की लागतो, आणि ताशी ३२ किलोमीटरच्या वर लागत नाही. २५५/६५ आर १८ टायरचा परीघ अडीच मीटर धरा. म्हणजे एक चाक थांबलेलं असताना दुसरं ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने जागच्या जागी फिरायला हवं. लोक चाक घसरलं की घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतात आणि लॉक लागायच्या आतच खेळ संपतो. ब्रेकने चालणाऱ्या यंत्रणेलाही तसंच, दोन-तीन सेकंद पाय स्थिर ठेवावा लागतो. एवढं जमलं की बऱ्याच जणांची लॉकरची गरज तिथेच मिटते.

टायरची हवाही आधी कमी करून बघा. रस्त्यावरची ३२-३५ पीएसआय मातीत २०-२२ वर आणली तर फरक जाणवतो. सह्याद्रीतला काळा दगड धारदार असतो, साइडवॉल कापतो, म्हणून वाळूसारखं १५ वर जाऊ नका. परतीसाठी पंप गाडीत हवा.

पायरी २: गाडी कुठे जाते ते लिहून काढा

स्वप्नातल्या लडाखवारीचं नको, गेल्या वर्षभरातलं लिहा. पुणेकराची गाडी बहुतेक दिवस नळ स्टॉप ते हिंजवडी करते आणि शनिवार-रविवार पौड, वेल्हे, केळद, भोर. पश्चिमेला पावसाळ्यात ओले खडक, शेवाळ, चिकट तांबडी माती. पूर्वेला सासवड-जेजुरीकडे मुरूम आणि सुटे दगड, आणि दौंड-शिरूर बाजूला काळी माती.

खडक, चर आणि तिरके खड्डे, जिथे चाक हवेत जातं, तिथे लॉकर सोन्यासारखा. काळ्या मातीच्या चिखलात मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा नको. टायरच्या खाचा मातीने भरल्या की चारही चाकं घसरतात, लॉक असो वा नसो. तिथे टायर आणि विंच. आणि ओल्या, कडेला उतरत्या वाटेवर तर लॉकर बंदच ठेवायचा. ओपन डिफमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं गाडीला बाजूने धरून असतं. लॉकमध्ये दोन्ही एकदम सुटतात आणि एक्सल उताराकडे सरकतो. ज्या लॉकरला 'बंद' ही अवस्थाच नाही, तो घेण्याआधी या एका वाक्यावर विचार करा.

पायरी ३: एक्सल ओळखा

लॉकर गाडीच्या नावाने येत नाही, एक्सलच्या मापाने येतो. तीन गोष्टी लागतात: क्राउन-पिनियनचा (प्रोपेलर शाफ्टची फिरकी एक्सलला देणाऱ्या गिअरच्या जोडीचा) रेशो, हाफ शाफ्टच्या टोकावरच्या स्प्लाइनची, म्हणजे खाचांची, संख्या आणि क्राउनचे बोल्ट व त्यांचा व्यास. जुन्या जीपमध्ये आधीच्या मालकाने काय बसवलं असेल याचा नेम नसतो. मिलिटरी डिस्पोजलची गाडी असेल तर अजिबातच नाही.

रेशो घरीही काढता येतो. गिअर न्यूट्रल, पुढची चाकं ओट लावून पक्की, हँडब्रेक सोडलेला, मागचं एकच चाक जॅकवर आणि खाली स्टँड. ते चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टला खडूने खूण करून त्याच्या फेऱ्या मोजा. चारपेक्षा किंचित जास्त आल्या तर रेशो ४.१ च्या जवळपास. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे दोन फेऱ्या लागतात. हे गणित ओपन डिफमध्येच जमतं. नेमका आकडा नंतर दात मोजून पक्का करा.

पायरी ४: प्रकार आणि पैसे

सगळ्यात स्वस्त म्हणजे डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर, म्हणजे स्टार पिनियन, वेल्ड करून टाकणं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे करू नका, विषय संपला.

त्यानंतर लंचबॉक्स लॉकर: लॉक-राइट, ऑसी, स्पार्टन ही ओळखीची नावं. जुन्या केसमधले (हे गिअर धरणाऱ्या कवचातले) सन गिअर आणि स्टार पिनियन काढून त्या जागी हा दातेरी संच बसतो. क्राउन-पिनियनची सेटिंग हलत नाही, हा याचा सर्वात मोठा फायदा. चांगला मिस्त्री एका दिवसात बसवतो. परदेशात किंमत ढोबळमानाने ३०० ते ५०० डॉलर. ताकद लागली की आपोआप लॉक, वळताना बाहेरचं चाक पुढे पळालं की कट-कट-कट आवाज करत सुटतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी हमखास विचारतात, 'काहो, गाडीला काही झालंय का?'

या प्रकाराचं खरं दुखणं वेगळं आहे. वळणात अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की लॉक लागतो-सुटतो आणि मागची बाजू हलकेच झटका देते. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर. इतक्या आखूड गाडीत ओल्या वरंधा घाटात हा झटका चालवणाऱ्याला माहीत असायला हवा. घरात गाडी तीन जण चालवत असतील तर मी हा पर्याय सुचवत नाही. शिवाय हा संच जुन्या केसमध्ये बसतो, म्हणजे जुनी केस आणि क्रॉस पिन झिजलेली असेल तर नवा लॉकर त्याच झिजेवर उभा राहतो.

ट्रूट्रॅकसारखा हेलिकल गिअरचा लिमिटेड स्लिप (दोन चाकांच्या फिरण्यातला फरक मर्यादेत ठेवणारा डिफरन्शियल) हा लॉकर नव्हे. चाक पूर्ण हवेत गेलं की तो हलका पडतो, मग ब्रेक हलकेच दाबून त्याला जागं करावं लागतं. पण रोज हायवेला असणाऱ्या गाडीला पावसात फार छान. डेट्रॉइट लॉकर आपोआप चालणारा पण स्वतःच्या केससह येणारा, दणकट. लंचबॉक्सचे रस्त्यावरचे स्वभावदोष मात्र त्यातही थोडेफार असतात.

मग महाग गट, हवा तेव्हाच लागणारे लॉकर. एआरबी आणि टीजेएम हवेवर, ईटन आणि हॅरप विजेच्या चुंबकावर, ऑक्स केबलवर. किंमत हजार डॉलरच्या आसपास सुरू होऊन वर जाते. हवेच्या लॉकरला कॉम्प्रेसर वेगळा. त्यावर वाहतूक, कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी, त्यामुळे डॉलरचा आकडा बघून हुरळू नका. हे पैसे जातात कशाला? बंद असताना गाडी अगदी कंपनीसारखी चालते याला. विशिष्ट एक्सलसाठी तपासून दिलेल्या पार्ट नंबरला (एआरबीत तो आरडीने सुरू होतो). आणि काही वर्षांनी एक ओ-रिंग गेली तर तेवढीच ओ-रिंग मिळते, याला. तुमच्या एक्सलसाठी पार्ट नंबरच नसेल आणि विकणारा 'बसवून देतो हो, थोडं घासावं लागेल' म्हणाला, तर नमस्कार करून निघा.

मी कोणाला काय सांगतो? फक्त सुट्टीच्या दिवशी निघणारी जिप्सी किंवा जुनी जीप, चालवणारा एकच: मागे लंचबॉक्स, बिनधास्त. रोज ऑफिसला जाणारी थार: मागे महाग, बटणाचा, नाहीतर काहीच नको, आहे ती ब्रेकची यंत्रणा नीट वापरा. नव्या गाड्यांत एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल असतो. कंपनीचा लॉक लागला की गाडीला ते कळतं, बाहेरून बसवलेल्याचं कळत नाही, आणि डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी होऊ शकते. पुढच्या एक्सलला आपोआप चालणारा लॉकर शक्यतो नको, स्टिअरिंग जड होतं आणि गाडी सरळच जाऊ बघते. जिप्सीसारखे हाताने सोडायचे फ्री-व्हील हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारे) असतील तर रस्त्यावर तो कळत नाही, एवढीच सवलत. आणि पैसे एका महाग लॉकरपुरते असतील तर दोन स्वस्त घेऊ नका. मागे एकच चांगला घ्या.

पायरी ५: नक्कल हातात आलीच असेल तर

ओळखीतून, अर्ध्या किमतीत, खोक्यावर धड नाव नसलेला एअर लॉकर आला, तर बसवण्याआधी त्याला भोसरीला न्या. पुण्यात राहण्याचा हा फायदा आहे, अर्ध्या तासावर मायक्रोमीटर, हार्डनेस टेस्टर आणि ते वाचता येणारी माणसं मिळतात. बेअरिंग बसतात त्या दोन्ही जागांचा व्यास मोजून घ्या आणि मूळ केसच्या मापाशी ताडून बघा. क्राउन टेकतो त्या फेसवर डायल गेज लावून केस फिरवा. काटा पाच शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर तो माल परत. गिअरच्या दातांची हार्डनेस रॉकवेल सी ५८ ते ६२ च्या पट्ट्यात अपेक्षित. त्याहून बरीच कमी असेल तर दात घासणार. बाहेरून चकचकीत पॉलिश बघून काही ठरत नाही. हवा जिथून केसमध्ये शिरते ती सील हाउसिंगची जागा नखाने तपासा. तिथे लेथच्या रेघा नखाला लागत असतील तर ओ-रिंग किती दिवस टिकणार हे वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं पास झालं तर नक्कलही चालेल. पण तपासणीचा खर्च, वेळ आणि जादा सीलचा संच धरला की वाचलेले पैसे किती उरतात ते कागदावर मांडा.

पायरी ६: बसवणं, इथे कंजुषी नको

लंचबॉक्स सोडला तर बाकी सगळ्यांत केस बदलते, म्हणजे क्राउन-पिनियनची जुळणी नव्याने. लॉकर महाग आणि मिस्त्री स्वस्त, यापेक्षा उलटं परवडलं. नाना पेठेत बेअरिंग, सील, शिम (जुळणीच्या पातळ चकत्या) मिळतील. जुळवणारा हात मात्र निवडून घ्यावा लागतो. त्याला एकच प्रश्न विचारा: बॅकलॅश, म्हणजे क्राउन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळीक, कशाने मोजता? 'साहेब, हाताने कळतं आपल्याला,' असं उत्तर आलं तर चहा प्या आणि गाडी घेऊन परत या.

नीट काम कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे शेजारी उभं राहून बघता येईल. बेअरिंग कॅप काढण्याआधी डाव्या-उजव्यावर पंचने खुणा होतात, कारण त्या अदलाबदल झाल्या तर बोअर बिघडतो. क्राउन नव्या केसवर हातोडीने ठोकत नाहीत, सगळीकडून सारखा कोमट करून सरकवतात. बोल्ट नवे, थ्रेडवर लॉकिंग द्रव, आणि टॉर्क रेंचने समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने. केस बदलताना पिनियनची खोली बदलत नाही. त्यामुळे मिस्त्री विनाकारण पिनियनच्या नटाला हात घालत असेल तर थांबवून कारण विचारा.

मग डायल गेज. त्याचं टोक क्राउनच्या दातावर काटकोनात टेकवायचं, पिनियन घट्ट धरायचा आणि क्राउन पुढे-मागे हलवायचा. बऱ्याच एक्सलना ०.१५ ते ०.२० मिलिमीटर चालतं, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. एकाच दातावर मोजून थांबायचं नाही, क्राउनच्या चार जागी मोजायचं. त्यानंतर चार-पाच दातांना ब्लू किंवा पिवळी पेस्ट लावून, क्राउनवर लाकडाचा तुकडा दाबून थोडा अडसर देत दोन्ही दिशांना फिरवतात. पेस्ट पुसली गेलेली जागा दाताच्या मधोमध, कडा सोडून, लांबट अंड्याच्या आकाराची आली की जुळणी बरोबर. ठसा दाताच्या टोकाशी किंवा तळाशी गेला असेल तर शिम काढा, बदला, पुन्हा बसवा, पुन्हा मोजा. यात अख्खी दुपार जाते. मिस्त्रीला घाई करू नका, आणि त्या ठशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कधी आवाज आला तर तोच फोटो कामाला येईल.

हवेच्या लॉकरला हाउसिंगमध्ये भोक पाडून आटे पाडावे लागतात. ते झाल्यावर आतला कीस चुंबकाने आणि धुऊन पूर्ण काढायचा, नाहीतर नव्या बेअरिंगचं पहिलं जेवण तेच. नळी सायलेन्सरपासून लांब, एक्सल पूर्ण खाली लटकला तरी ताणणार नाही इतकी सैल. लॉकर आणि कॉम्प्रेसरला रिले, फ्यूज वेगळे.

ऑइलबद्दल थोडं. क्लच असलेल्या लिमिटेड स्लिपला फ्रिक्शन मॉडिफायर लागतो. ईटनच्या मेकॅनिकल लॉकरमध्ये तो घालायचा नसतो, घातला तर लॉक लागायला उशीर होतो. मॅन्युअलमधला ग्रेड बघा, दुकानदाराच्या शेल्फवरचा नको.

पायरी ७: कागद

मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे मांडलं. लॉकर हाउसिंगच्या आत असतो, दिसत नाही, म्हणून कोणी विचारत नाही हे खरं, पण अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी विचारू शकते. ईमेलने कळवून उत्तर जपून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर ड्राइव्हलाइनच्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवूनच पाना हातात घ्या.

पायरी ८: चाचणी

मागची दोन्ही चाकं स्टँडवर, इंजिन बंद, गिअरमध्ये. बटणाचा लॉकर बंद असताना एक चाक हाताने फिरवा, दुसरं उलट दिशेने फिरलं पाहिजे. आता गिअर न्यूट्रल करून लॉक लावा. एक फिरवलं की दुसरं त्याच दिशेने. लॉक असताना एकच चाक उचलून इंजिनने कधीही फिरवू नका, जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून ढकलून देईल.

हवेच्या लॉकरमध्ये बटण दाबून कॉम्प्रेसर भरून थांबू द्या आणि काही न वापरता कान देऊन उभे राहा. थोड्या थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू होत असेल तर कुठेतरी गळती आहे. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावा. बाहेर बुडबुडे नसतील तर गळती आत, सीलपाशी. अशा वेळी सोलेनॉइडच्या तोंडातून ऑइलही उडताना दिसेल.

पहिल्या दिवशी वीस-तीस किलोमीटर सावकाश चालवून हाउसिंग गार होऊ द्या, मग पुन्हा थोडं चालवा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर हुंकारासारखा आवाज येत असेल तर ठशाचा फोटो घेऊन त्याच मिस्त्रीकडे. पाचशे ते हजार किलोमीटरवर ऑइल बदला आणि ड्रेन प्लगचं चुंबक बोटांनी चोळून बघा. करडी, मऊ पेस्ट असेल तर पुसून प्लग लावा. बोटांना टोचणारे चकचकीत कण किंवा पापुद्रे लागले, तर गाडी पुढे चालवू नका, झाकण पुन्हा उघडा.